सी, ए, टी

मुरुमच्या सरकारी शाळेत महांतप्पा मास्तरांना वीस वर्षं होत आली होती. घरात कानडी, बाजारात मराठी, वर्गात निजाम सरकारची उर्दू, आणि तिसरीच्या पोरांना वर इंग्रजी. पोरं धडे घडाघडा म्हणत. पुस्तक उलटं धरलं तरी म्हणत. मास्तरांना ते दिसायचं, पण बोलून बोलून घसा बसला होता. ते पुढचा धडा घेत.

शेहेचाळीस सालच्या श्रावणात नीलम्मा नावाची एक पोर उठून म्हणाली, "मास्तर, सी, ए, टी म्हणलं तर सीएटी व्हायला पायजे. कॅट कसं झालं?"

सगळा वर्ग हसला. मास्तर मात्र खुर्चीत टेकले. असं का होतं, हे एवढ्या वर्षांत त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं. ते म्हणाले, "सी हे त्याचं नाव, पोरी. आवाज क. आपण आता आवाजच म्हणू."

त्या दिवसापासून पाठांतर थांबलं. एकेक आवाज जोडत, खोडत, पुन्हा जोडत महिने गेले. माघापर्यंत जेमतेम चार धडे झाले. संध्याकाळी घरी आले की मास्तरांना बायकोशी, गिरिजाबाईंशी, चार शब्द बोलायचंही त्राण नसे.

फाल्गुनात तपासनीस साहेब आले. "बारावा धडा म्हणा," म्हणाले.

पोरं एकमेकांकडं बघू लागली. मास्तर हळूच म्हणाले, "साहेब, पाठ न्हाय. पण न शिकवलेलं वाचून दाखवतील."

नीलम्मा उठली. बारावा धडा तिनं कधी पाहिला नव्हता. बोट ठेवून, अडखळत, घामाघूम होत तिनं तीन ओळी वाचल्या. मास्तरांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते.

"इतकं रखडत?" साहेबांनी वही मिटली. "दुसरीकडं पोरं अख्खं पुस्तक म्हणतात."

पंधरा दिवसांत माकणीला बदलीचा हुकूम आला. भांडी बांधता बांधता गिरिजाबाई म्हणाल्या, "आता तरी पाठच करून घ्या. जिवाला किती तरास द्यायचा?"

"व्हय," मास्तर म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

माकणीत आठवडाभर त्यांनी पाठांतर घेतलं. नवव्या दिवशी उठले, खडू घेतला आणि तख्त्यावर एकच अक्षर काढलं. दिवाळीपर्यंत अकरा पोरं वाचू लागली. त्या साली तपासणीला कुणी आलं नाही. मास्तरांना ते बरंच वाटलं.