जमिनीवरून उठायचं शिकायला संभाजीनगरला

गेल्या उन्हाळ्यात पुतण्याच्या लग्नात पंगतीला बसले, पोटभर जेवले आणि उठताच येईना. शेवटी दोघा पाहुण्यांनी बगलेत हात घालून पोत्यासारखं उचललं. सगळं गाव बघत होतं. तेव्हापासून घरात मला प्लास्टिकची खुर्ची. बाकीचे खाली गोल करून जेवणार आणि मी वर एकटी, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखी. डॉक्टर म्हणाला, हाडं वयाच्या मानानं बरी आहेत. मग अडतंय कुठं, ते त्याला सांगता येईना.

नात प्राजक्ता वाळूजला कंपनीत आहे, राहते सिडकोत. तिचा फोन आला. "आजी, इथं अंगाकडं लक्ष देऊन हळूहळू हालचाल करायला शिकवतात. तीन दिवसांचं शिबिर आहे, ये."

"हालायला शिकवतात? मग मी आजवर काय दगड होते?"

तरी गेले. खुर्चीचा लई वीट आला होता.

कन्नडहून जाणार असाल तर वेरूळवरून जाणारी सकाळची एसटी बघा. बायकांना अर्धं तिकीट. वेरूळला देवदर्शनाचे लोक चढतात, त्याच्या आत खिडकी धरा. खुलताबादचा घाट उतरताना मी पुढची दांडी अशी आवळली होती, जशी काही गाडी मीच थांबवणार. दौलताबादला खिडकीतूनच सीताफळं घेतली. वरची बरी निघाली, खालची दगड.

शिबिराला सैल कपडे लागतात. मी नातीची सलवार घातली. गावात कुणी बोलू नका.

शिकवणाऱ्या मेघनाताई पोरसवदाच. पहिल्या दिवशी सतरंजीवर उताणं निजवलं आणि विचारलं, पाठ कुठं टेकते, कुठं टेकत नाय. मी म्हटलं, भाडं खर्चून निजायला आले व्हय! मग पाय हळूच उचलायला सांगितला. मी दात आवळून उचलला.

"आजी, निम्मा जोर लावा."

लावला.

"आता त्याच्या निम्मा."

"मग उरलं काय? आमच्यात अशा बाईला कामचोर म्हणतात."

शेजारच्या सतरंजीवर शहागंजच्या शमीमआपा होत्या, माझ्याच वयाच्या. त्या खुदकन हसल्या. त्यांचीही खुर्चीच. नमाज खुर्चीवर बसून पढायच्या, कपाळ जमिनीला टेकवून वर्ष झालं होतं. दुपारी त्यांच्या डब्यातली खट्टी दाळ आणि माझ्या भाकरी. हॉटेल शोधायची गरज पडली नाय.

दुसऱ्या दिवशी ताई म्हणाल्या, "नेहमी उठता तसं उठून दाखवा." मी मान ताठ केली, श्वास धरला आणि सरळ वर उठायला गेले. अर्ध्यातूनच खाली.

"आजी, डोक्यावर काय आहे?"

"पदर... नाय, आज तोबी नाय."

"मग मान इतकी का सांभाळता?"

मी मानेला हात लावून बघितला. जन्मभर उठले ती डोक्यावर हंडा घेऊन, नायतर गवताचा भारा. मान हलली की पाणी सांडणार, म्हणून श्वाससुद्धा धरायचा. हंडा जाऊन किती वर्षं झाली, नळ दारात आला, पण माझी मान अजून विहिरीवरच होती.

ताईंनी दुसरी तऱ्हा दाखवली. कुशीवर वळायचं, हात टेकायचे, डोकं खाली सोडून द्यायचं आणि कंबर आधी वर.

"कंबर आधी? पाव्हण्यांसमोर?"

शमीमआपा म्हणाल्या, "अगे अम्मा, उठाके खडे करते वो अच्छा लगता क्या?"

हे मात्र लागलं. मान सोडली. पहिल्यांदा भीती वाटली, डोकं आता गळून पडतंय की काय. मग श्वास आपोआप सुटला आणि मी उभी! कुणाचा हात नाय, बगल नाय.

शेवटच्या दिवशी शमीमआपांचं कपाळ सतरंजीला टेकलं. बराच वेळ त्या वर येईनात. मी घाबरून विचारलं, "अडकल्या का?"

"नै गे. रहने दे जरा."

परतीच्या गाडीत घाट चढताना दांडी सोडून बसले. गाडी ड्रायव्हरनंच नीट नेली.

चमत्कार झाला असं कुणी समजू नका. गुडघे अजून करकर वाजतात, सकाळी पाठ धरते. पण छातीवरचा एक दगड उतरला. त्या रात्री ताट घेऊन सरळ सगळ्यांत खाली बसले. पोरगा म्हणाला, "आई, आता उठवायचं कुणी?" मी जेवत राहिले. जेवण संपता संपता कुशीवर वळले, तसे पोरगा आणि सून दोघं उष्ट्या हातानं धावले.

तोवर मी उभी.

"बसा खाली," म्हटलं. "भात कुणाला वाढू?"