मुशरिफा रिकामी नाही

सौदी अरेबियातलं जाझान शहर मागे टाकून पूर्वेकडे दोन तास गेलं, की सपाट रेताड मुलूख संपतो आणि समोर एकदम डोंगर उभे राहतात. रस्ता वळणं घेत घेत ढगात शिरतो. पलीकडच्या दरीनंतर दिसतात ते डोंगर येमेनचे. चौदा वर्षांपूर्वी सत्यभामाबाई नर्स म्हणून इथल्या आरोग्य केंद्रात आल्या, तेव्हा गाडीतून उतरून पहिल्यांदा त्यांनी वर पाहिलं. पायथ्यापासून माथ्यापर्यंत दगडी बांध घालून अख्ख्या डोंगराच्या पायऱ्या केलेल्या, त्यांवर ज्वारी उभी, ओढ्याकाठी केवडा. बाई गगनबावड्याच्या, नाचणीच्या असल्याच टप्प्यांवर वाढलेल्या.

“आमच्याकडचंच हाय की सगळं!” त्या मोठ्यानं म्हणाल्या.

“तुमच्याकडचा आसंल, बाय,” ड्रायव्हर बॅग उतरवता उतरवता म्हणाला. “आमच्या दापोलीला आसा सरळसोट डोंगर नाय.” हा नूरुद्दीन. तेव्हापासून केंद्राची जीप तोच चालवतो, आणि बाईंशी मराठीत भांडायला त्या डोंगरावर तो एकटाच आहे.

इथल्या घरांना नंबर नव्हते, नावं होती. दगडावर दगड रचून उभी केलेली गोल, उंच, बुरुजासारखी घरं. प्रत्येक घराला नाव, शेताच्या प्रत्येक तुकड्यालासुद्धा नाव. माणूस ओळखायचा तो घराच्या नावानं. बाईंनी आधी घरांची नावं पाठ केली आणि मग त्यातल्या माणसांची अरबी शिकल्या. ती अरबी व्याकरणात बसत नाही, पण म्हाताऱ्यांना नीट कळते.

त्यातलं ‘मुशरिफा’ हे सगळ्यात वरचं घर. जीप थांबते तिथून दोनशे चाळीस पायऱ्या. तिथे उम्म हम्माद राहते, म्हणजे हम्मादची आई. तिचं खरं नाव विचारलं तर म्हणते, “ते माझ्या बापाला माहीत होतं.” वय पंचाहत्तर असेल किंवा ऐंशीही असेल. साखरेचा आजार, डाव्या पायाला एक जखम जी दोन वर्षं भरते आहे, सात शेळ्या आणि कॉफीची साठ झाडं. ज्वारीची भाकरी भिंतीतल्या मातीच्या भट्टीत भाजते आणि भाजताना बाईंना म्हणते, “तू हातावर थापतेस म्हणे? मग तुझ्या भाकरीला चव कशी येत असेल, बिंती?” बिंती म्हणजे माझ्या लेकी. बाई स्वतः सत्तावन्न वर्षांच्या आहेत.

दर पंधरा दिवसांनी बाई वर जायच्या, पाय धुऊन मलमपट्टी करायच्या, साखर तपासायच्या, चार शब्द रागावायच्या आणि खाली यायच्या. असंच चाललं असतं.

पण दोन वर्षांपूर्वी या डोंगराचं उद्यान करायचं ठरलं. तशी गोष्ट चांगलीच होती. पायवाटा दुरुस्त झाल्या, जुनी गोदामं शाकारली, माकडांना खायला घालू नका अशा पाट्या लागल्या. सुट्टीच्या दिवशी रियाध-दम्मामहून गाड्या भरून माणसं येऊ लागली. त्यांना ढग हवे होते, दगडी बुरुज हवे होते, वाकड्या चोचीचे धनेश पक्षी हवे होते. उद्यानाच्या कचेरीनं जुन्या घरांची पाहणी केली. राहतं घर असेल तर त्याला हात लावायचा नाही. रिकामं असेल तर ते डागडुजी करून पाहुण्यांना दाखवायचं. नियम सरळ होता.

एका बुधवारी बाई वर गेल्या तर उम्म हम्माद उंबऱ्यावर काठी आपटत बसलेली.

“बिंती, मी जिवंत आहे का?”

“खाला, साखर बघून सांगते.” बाई तिला खाला म्हणत, म्हणजे मावशी.

“चेष्टा करू नको. हे वाच.”

कागद अरबीत होता. बाईंनी त्याचा फोटो काढून खाली नूरुद्दीनला पाठवला. त्याचा फोन आला तेव्हा आवाज उतरलेला होता. कागद म्हणजे उद्यानाची घरांची यादी होती; तिच्यात मुशरिफा सातव्या नंबरवर होती आणि पुढे लिहिलं होतं ‘रिकामं’. खाली वारसदाराची सही होती. हम्मादची.

“माझ्या पोटच्या पोरानं लिहून दिलं, की इथे कोणी राहत नाही,” म्हातारी म्हणाली. “मग भाकरी कोण भाजतंय? भूत?”

हम्माद वाईट माणूस नव्हता. ते खरं कठीण होतं. तो खाली शहरात बंदरावरच्या कचेरीत नोकरीला. दर शुक्रवारी आईकडे येणार, सिलिंडर खांद्यावर घेऊन पायऱ्या चढणार. मागच्या हिवाळ्यात ती बांधावरून पडली आणि सकाळपर्यंत कोणाला कळलंच नाही. तेव्हापासून तो आईला शहरातल्या घरी चल म्हणत होता, आणि ती जात नव्हती. घरच उद्यानाकडे गेलं, तर तिला यावंच लागेल, असा त्यानं हिशेब केला. सही मागे घ्यायची मुदत पंधरा दिवसांची होती, आणि ती ज्यानं केली त्यानंच मागे घ्यायची होती.

“आपण यात पडायचा नाय हां, बाय,” परतीच्या वाटेवर नूरुद्दीन म्हणाला. “मायलेकांचा मामला. तुम्ही परदेशी, इकामाच्या परवान्यावर जगणारी माणसा आपण. त्यानं वर तक्रार केली तर? मार्चला तुमचा करार संपतोय, तुमचे मालक दीनानाथराव बावड्याला डोळे लावून बसलेत. नसती उठाठेव कशाला?”

“बरोबर बोलतोस,” बाई म्हणाल्या. “शुक्रवारी गाडी काढशील?”

“शुक्रवारी सुट्टी आसते!”

“म्हणून तर विचारतेय.”

नूरुद्दीननं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं, पण शुक्रवारी गाडी काढली.

त्या दिवशी ढग इतके खाली होते, की दहा पायऱ्यांपुढची पायरी दिसत नव्हती. बाई आणि नूरुद्दीन धापा टाकत मुशरिफात पोचले तेव्हा हम्माद नुकताच आला होता. त्यानं दोघांना आदरानं बसवलं. आई कोपऱ्यात कॉफीची सालं निवडत बसली होती आणि मुलाकडे बघतही नव्हती. इकडे कॉफी करतात ती बियांची नाही, वाळलेल्या सालांची, आलं घालून. हम्मादनं स्वतःच्या हातानं फिंजान, म्हणजे बिनकानाचा छोटा पेला, भरला आणि बाईंपुढे धरला.

बाईंनी तो घेतला आणि न पिता समोर चटईवर ठेवला.

नूरुद्दीनचा फिंजान ओठांपर्यंत जाऊन थांबला.

“बाय,” तो दबक्या आवाजात मराठीत म्हणाला, “उचला तो. ही पुरुषांची रीत. मोठमोठ्या शेखांची. तुम्ही नर्स आहात.”

पाहुण्यानं कॉफी न पिता खाली ठेवली, म्हणजे त्याचं यजमानाकडे काही मागणं आहे. यजमान ‘दिलं’ म्हणत नाही तोवर पाहुणा घोट घेत नाही. आणि ज्या घरातून पाहुणा कॉफी न पिता उठून गेला, त्या घराची चर्चा डोंगरभर होते. बाईंना हे अगदी पहिल्या वर्षी कळलं होतं. चहा निवू द्यावा तशी त्यांनी एका घरात कॉफी निवायला ठेवली होती आणि घरातले सगळे उभे राहून “काय हवं, काय हवं” करू लागले होते. तेव्हा त्या लाजेनं अर्धमेल्या झाल्या होत्या. आज मात्र त्यांनी फिंजान ठेवला तो जाणूनबुजून.

हम्मादचा चेहरा लाल झाला. “सिस्टर, कॉफी घ्या.”

“घेणार. आधी मागणं ऐका.”

“मला माहीत आहे तुमचं मागणं. ते सोडून काहीही मागा.”

“दुसरं काही नको मला.”

“ही माझी आई आहे!” त्याचा आवाज चढला. “बांधावर रात्रभर पडली होती ती. पुन्हा पडली तर तुम्ही येणार आहात धावत? तुम्ही मार्चमध्ये तुमच्या देशात जाल, आणि मी तिला पुरायला इथे येईन!”

त्याचं बोलणं खोटं नव्हतं. बाईंनी बोटं मोजायला सुरुवात केली, वॉर्डातल्या नव्या मुलींपुढे मोजतात तशी.

“खालच्या ‘बैत अल-सिद्र’मधल्या आजोबांना मुलांनी शहरात नेलं. चालते होते. आठ महिन्यांत अंथरुणाला खिळले. ‘अल-करिया’तली जुळ्या बहिणींची जोडी. एक गेली, दुसरी बोलत नाही. मी त्यांच्या मुलांना दोष देत नाही. पण तुमची आई रोज दोनशे पावलं चढते, दोनशे उतरते. म्हणून तो पाय अजून शरीराला आहे. तिला सोफ्यावर बसवा, वर्षात तो पाय कापायला मीच कागद लिहीन. आणि पडायचं म्हणाल, तर शहरात न्हाणीघरात पडणाऱ्या म्हाताऱ्या बांधावर पडणाऱ्यांपेक्षा जास्त मी पाहिल्यात.”

“कॉफी निवते आहे,” हम्माद म्हणाला.

“निवू दे.”

कोपऱ्यातून म्हातारी बोलली, पण मुलाशी नाही, हातातल्या सुपाशी. “मला विचारलं असतंस, तर मी नाही म्हटलं असतं. म्हणून विचारलं नाहीस. बापानं तुझ्या हा बांध रचला तेव्हा तुला पाठीला बांधून मी दगड दिले. तू म्हणतोस इथे कोणी नाही.”

हम्मादनं बाईंच्या फिंजानाला बोट लावून पाहिलं. दारातून ढग आत येत होते आणि चुलीच्या धुरात मिसळत होते. नूरुद्दीन त्याच्या कॉफीचं काय करावं ते न कळून तसाच बसला होता.

“माझीही अट आहे,” शेवटी हम्माद म्हणाला. “पंधरा दिवसांनी नाही, दर आठवड्याला तुम्ही यायचं. मार्चमध्ये जायचं नाही. एक वर्ष. तोवर मी खालून रस्त्यापासून इथवर दोर आणि कठडा करून घेतो, आणि तिच्या गळ्यात ते बटण बांधतो, दाबलं की फोन जातो ते.”

“शेळीसारखं?” म्हातारी फणकारली.

“शेळीसारखं, उम्मी.”

आता थांबायची वेळ बाईंवर आली. त्यांचे गुडघे ठणकत होते. गगनबावड्याला नवं स्वयंपाकघर बांधून झालं होतं, ते त्यांनी फक्त व्हिडिओत पाहिलं होतं.

“दिलं,” त्या म्हणाल्या. “आता तुम्ही म्हणा.”

“दिलं.”

बाईंनी फिंजान उचलला आणि गार, आल्यानं तिखट झालेली कॉफी एका दमात प्यायली. शेजारी नूरुद्दीननंही घाईघाईनं पिऊन टाकली आणि कपाळ पुसलं.

त्या संध्याकाळी बाईंनी दीनानाथरावांना फोनवर सगळं सांगितलं. ते एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. बोलायचे कमी, पण घंटी वाजवल्यासारखं.

“म्हणजे अजून एक वर्ष.”

“हो.”

“त्या म्हातारीसाठी.”

“हो.”

“आणि हा म्हातारा?”

“या म्हाताऱ्याला रोज भाकरी करून घालायला बहीण आहे, गॅस आहे, आणि दोन्ही पाय शाबूत आहेत,” बाई म्हणाल्या. “व्हिसा काढते. तुम्हीच या. दोनशे चाळीस पायऱ्या आहेत. बघू चढता का.”

पलीकडून हसू आलं. उशिरा, पण आलं.

हम्मादनं शब्द पाळला. सोमवारी रजा काढून तो कचेरीत गेला आणि आपण खोटं लिहून दिलं होतं असं कबूल करून आला. तिथल्या साहेबानं त्याला बरंच ऐकवलं म्हणे. पण एका कचेरीतला निरोप दुसऱ्या टेबलापर्यंत पोचायला वेळ लागतो, तो तिथेही लागलाच. पुढच्या बुधवारी बाई पायाची पट्टी सोडत होत्या तेव्हा उद्यानाचा एक तरुण कर्मचारी घामाघूम होऊन वर आला. पाठीवर चार फुटी लाकडी पाटी, सुंदर कोरलेली: घर क्रमांक सात, जुन्या काळातलं जीवन.

“सलाम आलेकुम. ही पाटी कुठे लावायची ते…” त्याचं लक्ष म्हातारीकडे गेलं. “आपण कोण, आई?”

“जुन्या काळातलं जीवन,” उम्म हम्माद म्हणाली.

बाईंनी खाली मान घातली आणि पट्टीकडे बघत राहिल्या.

“पण यादीत… इथे कोणी राहत नाही असं आहे.”

“मग तू कोणाशी बोलतोयस?” म्हातारी पाय तसाच बाईंच्या मांडीवर ठेवून म्हणाली. “बस. कॉफी पी. आणि ती पाटी परत ने. नाहीतर माझ्या शेळ्यांच्या गोठ्याचं दार मोडलंय, तिथे ती बरोबर बसेल.”

पोरानं कॉफी घेतली, दोनदा माफी मागितली, पाटी उचलून पाठीवर घेतली आणि कठड्याचे नवे खुंट धरत धरत ढगात उतरून गेला. त्याच्या पावलांचा आवाज थांबेपर्यंत म्हातारी ताठ बसून होती.

बाईंनी तिच्या बोटाला सुई टोचली, थेंब घेतला आणि यंत्रावरचा आकडा बघून भुवया वर केल्या.

“तीनशे दहा! खाला, खरं सांग. खजूर खाल्लेस?”

“खाल्ले.”

“किती?”

“मोजले नाहीत.” उम्म हम्मादनं पाय ओढून घेतला आणि हनुवटी वर केली. “माझं घर. माझे खजूर.”

“पाय इकडे,” सत्यभामाबाई म्हणाल्या, आणि कापूस भिजवायला घेतला.