आतल्या बाजूचा स्क्रू

बाबा स्टील प्लांटमध्ये फिटर होते. मनगटाएवढे जाड बोल्ट कसण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. बोल्ट पुरता बसला तरी ते श्वास रोखून पाना आणखी थोडा ओढायचे आणि मग म्हणायचे, "आता हा माझ्याशिवाय कोणाले नाही सोडत." घरी आल्यावरही हात तोच असायचा. प्लांटजवळच्या कॅम्प-१ वस्तीतल्या आमच्या घरात नळाची तोटी म्हणा, बरणीचं झाकण म्हणा, त्यांनी बंद केलं की उघडायला आईला त्यांचीच वाट पाहावी लागे. मोटरसायकलही ते त्याच हाताने दुरुस्त करायचे.

त्या मोटरसायकलवर बसूनच मी शिकले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं. नाइट शिफ्ट करून आलेले बाबा तोंडावर पाणी मारून मला दुर्गला कॉलेजात सोडायचे आणि मग घरी येऊन झोपायचे. आज मी नेहरू नगरच्या एका कोचिंगमध्ये गणित शिकवते, ती त्या मागच्या सीटमुळे. हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. आमच्याकडे असं बोलत नाहीत.

निवृत्तीनंतर एका हिवाळ्यात त्यांना लकवा मारला. पाय सावरला, जीभ सावरली. उजवा हात नाही सावरला. तो मांडीवर ठेवला की तिथेच पडून राहायचा. गाडी ओसरीत उभी राहिली आणि आई तिच्यावर चादरी वाळत घालू लागली.

आमच्या गल्लीत विश्वकर्मा पूजेला सकाळी गाड्या धुतात, हार घालतात, नारळ फोडतात आणि मग ज्याची गाडी त्याने मैदानापर्यंत एक चक्कर मारायची असते. त्या दिवशी अवजाराला हात लावायचा नाही. पाने, हातोड्या सगळं पाटावर फुलांखाली. पूजा जवळ आली तशी बाबांनी जाहीर केलं, या वर्षीची चक्कर मी मारणार.

"कोणत्या हातानं?" आई म्हणाली.

"पहिले चालू तर होऊ दे."

त्यानंतर हाताचं नाव कोणी काढलं नाही. पूजेच्या आदल्या दिवशी मला सुट्टी होती. टाकीत जुनं पेट्रोल साचून कार्ब्युरेटर चिकटला असणार, असं बाबांचं म्हणणं. पेट्रोल काढून टाकलं, कार्ब्युरेटर उतरवून पाटावर ठेवला. त्याच्या खालच्या वाटीचे स्क्रू खोलायचे होते. बाकीचे निघाले. इंजिनाकडचा, आतल्या बाजूचा एक हलेना. मी जोर लावला तसा पेचकस सटकला. पुन्हा लावला, पुन्हा सटकला. स्क्रूच्या डोक्यावरची अधिकच्या चिन्हासारखी खाच घासून गुळगुळीत वाटोळी झाली.

"थांब वं! फिरवून कायले राहिली? पहिले दाबावं लागते, मंग फिरवावं."

"दाबून तर राहिली ना बाबा!"

"हे दाबणं होय? पोळी लाटून राहिली का?"

समोरच्या घरातले काका कुंपणाशी येऊन उभे राहिले. ते प्लांटमध्ये क्रेन चालवायचे. आमच्यासारखे बाहेरून आलेले नव्हेत, मूळचे इथलेच, बोलीही इथलीच; बाबांचे जुने दोस्त. "का होगे गा? पेंच नइ निकलत हे? मिस्त्री ला दे दे न."

"मिस्त्री क्या करेगा? मेरा कसा हुआ है," बाबा म्हणाले, आणि हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला.

मग आम्ही काय काय केलं नाही! सायकलच्या ट्यूबचा तुकडा मध्ये ठेवून पेचकस दाबला, रबराचाच भुगा झाला. आईच्या शिलाई मशीनचं तेल सोडून वाट पाहिली. "लोखंड ऊन पाह्यलं की सोडते," असं बाबा म्हणाले म्हणून त्यावर उकळतं पाणी ओतलं. हॅकसॉच्या पात्याने डोक्यावर नवी खाच पाडायला गेले तर पातं मोडलं. दर वेळी बाबा डावा हात पुढे करून स्वतः एकदा पाहायचे. डाव्या हाताने पेचकस सरळ टेकायचाच नाही. मग ते तो माझ्याकडे परत द्यायचे.

दुपार कलली. आईने चहा आणून ठेवला आणि स्क्रूकडे पाहत म्हणाली, "एवढा कायले कसला होता जी?"

बाबांनी डाव्या हाताने चहाचा कप जवळ ओढला. तो स्क्रू त्यांनी धडधाकट उजव्या हाताने कसला होता. आता तो उघडायला माझे हात आणि त्यांचा एक डावा हात उरला होता, ते तिघांनाही दिसत होतं.

गाडीकडे माझं लक्ष तेव्हा गेलं. अॅक्सिलरेटर उजव्या हाताला असतो. हे काय मला माहीत नव्हतं? वर्षानुवर्षं त्या हाताच्या मागे तर मी बसले होते. पण सकाळपासून आम्ही फक्त एका स्क्रूबद्दल बोलत होतो, आणि तो निघाला नाही तोवर बाकी कशाबद्दल बोलायची गरज नव्हती. पेचकस पुन्हा टेकवला तेव्हा मला वाटलं, न निघो. हात मात्र जोर लावतच होते.

"छिन्नी आण," बाबा म्हणाले.

त्यांनी छिन्नी डाव्या हाताने स्क्रूच्या डोक्याच्या कडेला तिरपी धरली, उलट्या दिशेने. मी हातोडी उचलली. त्यांचा अंगठा मध्ये येईल या भीतीने ती खाली येईना.

"माझ्या बोटाकडे नको पाहू. छिन्नीच्या टोकाकडे पाह्य. मार."

मी मारत राहिले. डोक्याला काप पडला. मग कधीतरी आवाज बदलला, आणि स्क्रू केसभर सरकला. "सोडलं," बाबा पुटपुटले. पुढे तो बोटानेही निघाला. त्यांनी तो तळहातावर घेतला, उलटासुलटा पाहिला. आटे नव्यासारखे होते.

वाटी उघडली. आत पिवळा चिकटा. धुतलं, तार घालून भोकं मोकळी केली, डब्यातला दुसरा स्क्रू लावला. मी तो कसला तेव्हा बाबांनी तपासून पाहिला नाही.

नवं पेट्रोल घालून मी किक मारत राहिले. अंधार पडायच्या आत गाडी चालू झाली. धूर ओसरीभर झाला, आई दारात आली. समोरच्या काकांनी खिडकीतून ओरडून विचारलं, "चालू होगे का गा?"

बाबा गाडीवर बसले. मी मागून गाडी धरली. त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून मुठीवर ठेवला, एकेक बोट वळवून तिच्याभोवती बसवलं. इंजिन आपल्या मंद लयीत चालत होतं. त्यांच्या मानेच्या शिरा ताणल्या, बोल्ट शेवटचा ओढताना ताणायच्या तशा. आवाज वाढला नाही. मनगट हललंच नव्हतं.

मी म्हणू शकले असते, मी रेस देते, तुम्ही बसा. म्हटलं नाही.

"बंद कर," ते म्हणाले. "पेट्रोल जळून राहिलं."

सकाळी अवजारं पाटावर मांडली, फुलं वाहिली. गाडीला आईने झेंडूचा हार घातला. नारळ फुटले आणि गल्लीत एकामागून एक गाड्या चालू झाल्या. काकांनी आपली गाडी आमच्या दारात आणून उभी केली. बाबांकडे वळून म्हणाले, "चल न गा."

बाबा खुर्चीतून उठले नाहीत. "पेंच नहीं निकला," ते म्हणाले.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. काल संध्याकाळी इंजिनाचा आवाज ऐकून खिडकीतून त्यांनीच विचारलं होतं. मी पाटावरच्या फुलांकडे पाहू लागले.

"हव गा," ते म्हणाले, "तोर कसे पेंच ला कोन निकालही." बाबांनी कसलेला स्क्रू कोण काढू शकणार, एवढं मान्य करून ते चक्कर मारायला निघून गेले.