गालाला लावलेलं कापड

सिस्टर कापड बोटांनी तपासत नसत. ठाणाचं लोंबतं टोक उचलायचं, डोळे मिटायचे आणि ते सरळ गालाला लावायचं. मग एकच वाक्य: "बोचतंय, शेट."

तुमच्यापैकी कोणी कापडाच्या धंद्यात असेल तर त्याला माझं दुखणं कळेल. गिऱ्हाइकाने रंगात खोट काढावी, विणीत काढावी, पन्ह्याच्या रुंदीत काढावी. माझ्याकडे सगळ्याला उत्तर होतं. श्रीवर्धनहून एक पत्र्याची ट्रंक घेऊन आलो आणि रियाधच्या बथा बाजारात दुकान उभं केलं. पाटीवर नाव कफिलाचं, म्हणजे तिथल्या सौदी जामीनदाराचं, घाम माझा. ते काही गोड बोलून झालं नाही. पण गालाशी भांडण कसं करणार?

तिथल्या विद्यापीठाच्या मोठ्या इस्पितळात सिस्टर कापडखातं सांभाळत. मूळच्या मिरजेच्या. चादरी, ऑपरेशनचे हिरवे झगे, बाळांची दुपटी, सगळं त्यांच्या नजरेखालून जाई. माझ्याकडच्या नव्या मालाची वर्षाची ऑर्डर त्यांच्या शब्दावर निघे आणि दरवर्षी त्या तिला कात्री लावत. फाटकी चादर टाकून देणं त्यांना माहीतच नव्हतं. मधे विरली की उभी फाडायची, कडा आत घेऊन शिवायची. मग तिचे उशीचे अभ्रे, अभ्र्यांची झबली आणि झबल्यांची फरशी पुसायची फडकी.

"सिस्टर, एवढं श्रीमंत इस्पितळ आणि ठिगळं?" मी चिडून विचारी.

"श्रीमंत आहे ते असंच."

वर्षअखेरीच्या समारंभाला आम्हा व्यापाऱ्यांनाही बोलावणं असे. मुदीर, म्हणजे तिथले मोठे साहेब, अहवाल वाचत. शस्त्रक्रिया किती, बाळंतपणं किती, नवी माणसं किती भरली. शेवटी पाणी वाचवल्याचं आणि कचरा कमी केल्याचं कौतुक आलं की सगळ्या माना सिस्टरांकडे वळत. सिस्टर तेव्हा जेवणाच्या टेबलावरचं कापड गालाला लावून बघत असत.

मग कुवेतचं प्रकरण झालं आणि लढाई दाराशी आली. त्या हिवाळ्यात माझी बायको सलमा दिवसांत होती. निम्मा बथा बाजार जेद्दा नाहीतर ताइफला पळाला. ताइफहून मेव्हण्याचे रोज फोन, "भावजी, यल्ला, निघा! कुणाची वाट बघताय?"

मी गाडीत पेट्रोल भरून ठेवलं होतं. निघण्याआधी सलमाला एकदा दाखवावं म्हणून इस्पितळात नेलं. जिन्यात सिस्टर भेटल्या. त्यांनी तिच्या पायांची सूज पाहिली आणि माझ्याकडे वळल्या.

"हिला एवढ्या लांब गाडीत घालणार? शेट, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आणि इथे काही पडलं डोक्यावर तर?"

"मी आहे ना इथे."

एवढंच. त्या काही डॉक्टर नव्हत्या, पण सलमा म्हणाली, "बाई आहेत तर मी इथंच थांबते." आम्ही राहिलो. त्यानंतर सायरन वाजला की मी सिस्टरांच्या नावाने बोटं मोडी.

सलमाला कळा सुरू झाल्या त्या दिवशी इस्पितळ ओळखू येईना. कितीतरी नर्सा मायदेशी गेलेल्या, उरलेल्यांच्या खांद्याला गॅसचे मुखवटे. धुलाईचं पाणीही मोजून मिळत होतं. सलमाला आत नेलं. मूल आडवं आहे, वेळ लागेल, एवढं सांगून दार बंद झालं. मी व्हरांड्यात फेऱ्या घालू लागलो. भीती वाटली की मला राग येतो. समोरून सिस्टर आल्या आणि तो त्यांच्यावर निघाला.

"माझी नवी झबली गोदामात पडून आहेत! ऑर्डर कधी काढणार?"

"नवं कापड बाळाला घालायचं तर आधी चार पाण्यांतून काढावं लागतं. पाणी तुम्ही देताय?"

"मग पोरांना उघडी ठेवणार?"

त्यांनी माझ्या हातात कात्री दिली आणि पुढ्यात जुन्या चादरींचा ढीग टाकला. "शिवायला माणसं नाहीत. तुम्ही नुसते ओरडताय. कापा."

बाकावर आणखी तीन बाप बसले होते, एक सुदानी, एक केरळी आणि एक हुफूफ गावचा खजूरवाला. तिघेही मुकाट कापत होते. मीही बसलो. आयुष्यभर नवं कापड विकणारा मी, फाटक्या चादरींची झबली बेतत होतो! मधेच सायरन वाजला. आम्ही चौघांनी मुखवटे चढवले आणि कापत राहिलो. खजूरवाल्याने मी कापलेली बाही बघून मुखवट्यातूनच हसायला सुरुवात केली. रागाच्या भरात मी तिथे हत्तीचा पाय मावेल एवढं भोक पाडलं होतं. सिस्टरांनी ते तसंच उचलून शिवणयंत्राखाली घातलं.

दुपार कलली तेव्हा दार उघडलं. "मुलगी. दोघी सुखरूप," सिस्टर म्हणाल्या आणि गाठोडं माझ्या हातांत ठेवलं. झबल्याच्या बाहीतून माझ्या लेकीचा अख्खा खांदा बाहेर आला होता. मी भांडायला तोंड उघडलं आणि मोठ्याने हसत सुटलो. खजूरवाला तर टाळ्या वाजवू लागला.

"मी हिची आत्या," सिस्टरांनी जाहीर केलं. "आत्याला मान देतात ना तुमच्यात?"

"सांगा, काय हवं?"

"तुमच्या दुकानातले दोन शिंपी. नर्सा परत येईपर्यंत. फुकट."

असा सौदा माझ्यावर कोणी कधी लादला नव्हता. आणि मी "खलास, घेऊन जा!" म्हणून मोकळा झालो. सौदा करायची ती वेळ होती का? त्याची चीड मला आजही येते.

लढाई सरली, नर्सा परतल्या, माझी झबलीही खपली. अर्थात धुऊन दिल्यावर, माझ्याच पाण्याने. पुढे काही वर्षांनी सिस्टर कायमच्या मिरजेला निघाल्या. मी दुकानातली सगळ्यात भारी चादर भेट म्हणून नेली. या वेळी तरी जिंकणार, याची खात्री होती.

त्यांनी डोळे मिटले. गालाला लावली.

"बोचतंय, शेट." आणि चादर सलमाच्या हातात दिली. "ही तुम्ही वापरा. मऊ झाली की कळवा."

मग सलमाला मिठी मारून, लेकीचा गाल ओढून त्या गेल्या. त्यानंतर गाठ पडली नाही. आता त्या नाहीत.

ती चादर आम्ही श्रीवर्धनला आणली आणि वर्षानुवर्षं वापरली. गेल्या महिन्यात त्याच लेकीला मुलगा झाला. सलमाने कपाटातून चादर काढली आणि सरळ कात्री चालवली. मी ओरडलो, "अगं, भारी माल आहे तो!" तिने लक्ष दिलं नाही. झबलं शिवून झाल्यावर मात्र माझ्यापुढे धरलं.

मी डोळे मिटले आणि ते गालाला लावलं. कुठे म्हणून बोचलं नाही.

कळवा म्हणाल्या होत्या. बाही तेवढी या वेळी बेताची आहे, सिस्टर.