गठ्ठ्यांमागची खिडकी

आमच्या घराच्या पुढच्या खोलीला एक खिडकी होती, पण ती फक्त बाहेरून दिसायची. गल्लीत उभं राहिलं की लाकडी गज आणि हिरव्या रंगाची बंद झडपं. आत आलं की त्या जागी भिंतभर पत्रकांचे गठ्ठे.

बाबा चळवळीतले. ते गठ्ठे त्यांनी माझ्या जन्माआधी तिथे रचले आणि पुढे कुणी हलवले नाहीत. पुढच्या रांगेवर वाकळ टाकली की बैठक तयार. कार्यकर्ते तिच्यावर बसून वाद घालायचे, रात्री मी तिच्यावर झोपायची. पहिली अक्षरं मी गठ्ठ्यांच्या फाटक्या कडांवरून वाचली. 'बंधू आणि भगिनींनो' मला बाराखडीआधी पाठ होतं, आणि उद्गारचिन्ह हे मला पुष्कळ दिवस अक्षरच वाटायचं.

आई त्याच खोलीत शिवणकाम करायची. भरदुपारी दिवा लावून.

बाबा गेल्यानंतरच्या पावसाळ्यात स्वयंपाकघरावरची कौलं घसरली. आई शिरोलीला मामाकडे राहायला गेली. मामा तिथे एमआयडीसीत फाउंड्रीत आहे. कपडे तिने एका पिशवीत नेले, पण शिवणाची मशीन टेम्पोत घालून नेली. चार दिवसांसाठी जाणारं माणूस मशीन नेत नाही.

पुढच्याच आठवड्यात ती शाहूपुरीतला एक फ्लॅट बघून आली. "लिफ्ट हाय, उजेड हाय. हे घर इकून टाकू."

"घर विकायचं नाही," मी म्हणाले. "या घरात किती बैठका झाल्या, आठव."

"त्या समद्या बैठकांचा चहा मीच केलाय. मला नको आठवण करून देऊ." मग थोडी थंड झाली. "दिवाळीला येते. बसून बघते. ऱ्हाण्यासारखं वाटलं तर ठीक, न्हायतर सही करते."

मला एवढंच हवं होतं. घर मी राहण्यासारखं करणारच होते, पण माझ्या अटीवर. नवं काही विकत घ्यायचं नाही. झाडं तोडून केलेलं, जाहिरात करून गळ्यात मारलेलं आमच्या घरात नको. गावात इतकं जुनं, धडधाकट सामान पडलेलं असताना नवं कशाला? मी ठळक अक्षरांत कागद लिहिला, 'या घरात एकही नवी वस्तू येणार नाही!' आणि दाराला चिकटवला.

मामाने तो मोठ्याने वाचला. "मीठ पण जुनंच आणणार व्हय?"

पण टेम्पो त्यानेच काढला. रविवार आला की आम्ही निघायचो. जुन्या बाजारात सकाळी लवकर गेलं की सामान नुकतंच उतरवलेलं असतं. कुणाच्या घरचं दार, कुणाच्या शाळेचा बाक, सगळं एकावर एक. कशातून काय निघेल ते कळत नाही. हाताला पितळेची कडी लागली की मी ती सोडायचीच नाही.

सगळ्यात मोठी शिकार शाहूपुरीत सापडली. एक धान्याचं दुकान शटर बसवत होतं आणि आधीच्या दाराच्या सागवानी फळ्या रस्त्यावर काढून ठेवल्या होत्या. पूर्वी अशी दुकानं रोज फळी फळी लावून बंद व्हायची. क्रम चुकू नये म्हणून प्रत्येक फळीवर पांढऱ्या रंगात आकडा. मी टेम्पो थांबायच्या आत उडी मारली.

"ह्यातली सात नंबर न्हाय, ताई," दुकानदार म्हणाले. "आमच्या म्हातारीनं पोळपाट केला तिचा."

"चालतंय की," मामा म्हणाला. "आमच्याकडं पण समदं एक नंबर कमीच हाय."

"पावणं, भाचीला घिऊन हिंडताय, दारं गोळा करताय. घराला किती दारं हायती तुमच्या?"

"दार एकच. तिथनं आत कायबी येतंय, त्योच वांदा हाय."

त्या फळ्यांची पुस्तकांची मांडणी केली. आकडे मी पुसू दिले नाहीत. सहानंतर आठ. येणारा प्रत्येक जण तिथे थबकतो आणि सात नंबरचं काय झालं म्हणून विचारतो. पोळपाटाची गोष्ट सांगायला मला अजून कंटाळा आलेला नाही.

फाउंड्रीतून मामा पॅटर्न घेऊन आला. लोखंडाचा भाग ओतायच्या आधी तो हुबेहूब लाकडात करतात आणि वाळूत दाबून त्याचा ठसा घेतात. त्या लाकडी नगाला पॅटर्न म्हणतात. नमुना बदलला की तो कोपऱ्यात पडतो. लाल, पिवळ्या रंगाचे ते गोल, कंगोरेदार तुकडे बघून मी नाचायचीच राहिले. पंपाच्या पोटाच्या पॅटर्नला भोक पाडून त्यात दिवा सोडला. दातेरी चाकाला खुंट्या ठोकल्या. एका जुन्या शिवणाच्या मशीनचा बिडाचा सांगाडा मिळाला, त्याच्यावर फळी टाकून जेवायचं टेबल केलं. कौलं चाळून, म्हणजे काढून पुन्हा रचून घेताना पुढच्या खोलीवर काचेची दोन कौलं बसवली, तीही कुणाच्या तरी पाडलेल्या गोठ्यावरची. दुपारी खोलीच्या मधोमध उन्हाचे दोन चौकोन पडायला लागले. मी त्यात उभी राहून मामाला हाका मारत होते. "बघ, उजेड! लिफ्टशिवाय उजेड!"

गठ्ठ्यांना मात्र मी हात लावला नाही. ते घराचं दैवत. त्यांच्या पुढच्या रांगेवर एका मोडक्या पलंगाची फळी टाकली, मागच्या भिंतभर थप्पीसकट सगळ्यांवर इरकली लुगड्याचा पडदा शिवून लावला आणि ऐसपैस दिवाण तयार झाला. मला वाटलं, हीच घरातली सगळ्यात सुंदर गोष्ट. बाबांचं काम तसंच राहिलं आणि बसायलाही झालं. मामा नुसता डोकं खाजवत उभा राहिला. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

दिवाळीच्या आदल्या रविवारी आई आली. दारावरचा कागद वाचून तिने माझ्याकडे बघितलं, पण हसू दाबलं. फळ्यांवरून हात फिरवला. पॅटर्नचा दिवा बघून भावाला म्हणाली, "चोरलास काय रं?"

"आक्का, मागून आणलाय. मालकबी बघायला येतो म्हणालाय."

मग ती टेबलापाशी बसली. तिचे पाय आपोआप खाली मशीनच्या पायट्यावर गेले आणि तो हलायला लागला. आम्ही दोघं बघतच राहिलो. आई बोलत होती कौलांबद्दल, पाय खाली चालले होते. जमलं, असं वाटलं.

मग ती दिवाणाशी गेली, बसली, वाकली, लुगड्याचा पडदा उचलला.

"हे अजून हायतच?"

"आई, तो इतिहास आहे."

"इतिहासाला वाळवी लागलीया, बघ." तिने खालून बोट फिरवून माती दाखवली. मग एक गठ्ठा ओढून सुतळी तोडली आणि वरचं पत्रक माझ्या हातात दिलं. "वाच. मोठ्यानं वाच."

मी वाचलं. घरकामाला कामाचा दर्जा द्या, घरात बाईला तिची हक्काची जागा द्या, अमुक दिवशी सभा, बहुसंख्येने उपस्थित राहा. तारीख माझ्या जन्माआधीची.

"छापखान्याची मशीन बिघडली," आई म्हणाली. "सभा झाली आणि दुसऱ्या दिवशी गठ्ठे दारात. तुझ्या बाबानं म्हटलं, शब्द रद्दीत द्यायचं न्हाईत. दोन दिवस ठेवू. मी म्हटलं, ठेवा. आणि बाईला हक्काची जागा द्या म्हणून सांगणारा कागद माझ्या खिडकीत जाऊन बसला त्यो बसलाच."

मामा गालात हसत होता. मला रागही आला आणि तो कुणावर काढावा ते कळेना. मी म्हणाले, "मग बाबांना सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. दर दिवाळीला. त्यांनीच तुला शिकवलंय न्हवं पत्रक कसं द्यायचं?"

शिकवलं होतं. सात-आठ वर्षांची असताना, हात धरून. दाराखालून सरकवायचं नाही, सायकलच्या कॅरिअरला अडकवायचं नाही. माणसाच्या डोळ्यांत बघायचं आणि हातात द्यायचं.

"मग दे जा," आई म्हणाली. "पत्रक वाटायचं असतंय. साठवायचं न्हाय. ही आज हलली तर मी ऱ्हाते. न्हाय हलली तर फ्लॅट."

खरं सांगायचं तर मला त्याच क्षणी स्फुरण चढलं. पत्रकं वाटायची! कितीतरी दिवसांत मी ते केलं नव्हतं. वाळवीने खाल्लेले बहुतेक गठ्ठे आम्ही मामाच्या बंबात घालायला टेम्पोत टाकले, उरलेली चांगली पत्रकं पिशव्यांत भरली आणि तिघंही मंडईत गेलो.

दिवाळीची गर्दी. फराळाच्या सामानाला आलेल्या बायका, दोन्ही हातांत पिशव्या. मी एकेकीच्या डोळ्यांत बघून पत्रक देत सुटले. आई माझ्या पुढे होती. मी तिला असं कधी बघितलं नव्हतं. चकली-करंज्या करून करून दमलेल्या बायकांना ती हाक मारून थांबवायची, "घ्या वहिनी, तुमचंच हाय."

एका भाजीवालीने पत्रक लांब धरून वाचलं. "सभा कधी हाय म्हनायची?"

"सभा झाली," आई म्हणाली. "काम ऱ्हायलंय."

भाजीवाली खदखदून हसली आणि शेजारच्या दोघींसाठी आणखी मागून घेतली. शेवटी एक माणूस "ही तारीख चुकलीया, ताई" म्हणून वाद घालायला आला, तर त्या भाजीवालीनेच त्याला गप्प केलं. "तारीख बघू नगंस. घरी जाऊन भांडी घास."

परत आलो तेव्हा पिशव्या रिकाम्या होत्या आणि माझा घसा बसला होता. भिंतीला टेकवून ठेवलेली दिवाणाची फळी बाजूला केली. भिंतीवर गठ्ठ्यांच्या आकाराचा पांढरा डाग, आणि त्याच्या मधोमध खिडकी. खिट्टी गंजून बसलेली. मामाने गोडेतेल सोडलं, हातोड्याने दोन टोले दिले, शिव्या दिल्या. तिसऱ्या टोल्याला झडपं कुरकुरली आणि उघडली.

काचेची कौलं त्यापुढे काहीच नव्हती. मावळतीचं ऊन सरळ आत आलं, फळ्यांवरच्या आकड्यांपर्यंत पोचलं. गल्लीतला आवाजही आला, फटाके, कुणाचं तरी भांडण, आणि मागोमाग खरपूस भाजणीचा वास. मी बाजारोबाजार उजेड शोधत हिंडले आणि आई एवढी वर्षं त्याच्याकडे पाठ करून शिवत बसली होती.

आईने खिडकीच्या चौकटीवर हात ठेवला. मग ती मामाकडे वळली. "टेम्पोत तेल हाय का?"

"कशाला?"

"मशीन आणायची हाय माझी. आत्ता. आणि येताना चार मीटर पडद्याचं कापड घे. नवं."

मी दारावरच्या कागदाकडे बोट दाखवलं. आईने माझं पेन घेतलं आणि उद्गारचिन्हाच्या पुढे लिहिलं, 'आईच्या पडद्याशिवाय.'

मशीन आली तेव्हा अंधार पडला होता, तरी तिने ती खिडकीशीच लावून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा करत होते. बाहेरून समोरच्या घरातल्या काकूंचा आवाज आला. त्या गजांना तोंड लावून उभ्या होत्या.

"अगंबाई, हितं खिडकी हाय? बरं झालं. एक ब्लाउज हाय, दिवाळीच्या आत देशील का?"

"दे की आत," आई म्हणाली, आणि मशीन सुरू झाली.