नवशिके, मॉडिफाइड की महिला: कोल्हापूरच्या ऑटोक्रॉसला आमची गाडी कुठल्या क्लासात बसली

तीन वर्षं मी आमच्या गाडीवर एकेक काम करून घेत होते. या तीन वर्षांत मुद्द्याचा प्रश्न एकाच माणसानं विचारला, माझ्या नवऱ्यानं. प्रकाश म्हणाला, "गाडी आता जोरात पळते हे मान्य. पण तू कणकवलीच्या बाजारात तीसच्या वर जातेस कुठे?"

याला उत्तर म्हणून मी ऑटोक्रॉसला जायचं ठरवलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मोकळ्या पटांगणावर नारिंगी कोन मांडून वळणावळणांचा रस्ता आखतात. एका वेळी एकच गाडी सुटते आणि तिची वेळ मोजतात. कोन पाडला की दोन सेकंद वाढतात. दुसऱ्या गाडीवर आदळायची सोयच नाही, त्यामुळे घरच्यांना पटवणं सोपं जातं. स्पर्धा कोल्हापूरजवळच्या एका साखर कारखान्याच्या पटांगणावर होती. गळीत हंगाम संपला की उसाच्या ट्रकांची ती जागा रिकामीच पडलेली असते.

कणकवलीत माझं चष्म्याचं दुकान आहे. वय चव्वेचाळीस. गाडी पंधरा वर्षांची, बाराशे सीसीची छोटी हॅचबॅक. कोल्हापूर माझं माहेर, त्यामुळे महिन्याला एक फेरी असते. अशाच एका फेरीत गाडी गगनबावड्याला तापली आणि दुधाच्या टेम्पोनं तिला ओढत कोल्हापुरात उद्यमनगरला नेलं. तिथे इस्माईलभाईंचं गॅरेज. त्यांनी गाडी दुरुस्त केली आणि जाता जाता म्हणाले, "गाडी बरी हाय ताई. वळणावर जरा डुलती एवढंच."

या एका वाक्याचा पुढे बराच विस्तार झाला. आधी स्प्रिंगा बदलल्या, गाडी दीड इंच खाली आली. मग रुंद टायर, मग एअर फिल्टर, मग सायलेन्सर. शेवटी गेल्या दिवाळीनंतर इस्माईलभाईंनी इंजिन उघडलं आणि हेडचं पोर्टिंग केलं. म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटा आतून घासून मोठ्या आणि गुळगुळीत केल्या. हे काम त्यांनी हातानं केलं. अकरा दिवस, दुपारी शटर अर्धं खाली ओढून. बाहेरून बघणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

स्पर्धेच्या नियमावलीत माझ्यासारखीला तीन क्लास होते. नवशिक्यांचा: बाहेरून बोल्ट खोलून बदललेलं सगळं चालेल, पण इंजिन उघडलेलं नको. मॉडिफाइड: काहीही करा. आणि महिला: गाडी कुठलीही असो, चालवणारी महिला पाहिजे. निवड स्पर्धेच्या सकाळी, फॉर्म देताना करायची होती. सगळी मेख इथेच होती.

शनिवार

सकाळी सात वाजता निघालो. तळेरे, वैभववाडी, मग करूळ घाट. निघण्याआधी घाट चालू आहे का याची चौकशी जरूर करा, कारण तो बंद असल्याची बातमी घाटाच्या पायथ्याशीच कळते. टोल नाही. साधारण तीन तास लागतात. गाडी खाली बसवलेली असेल तर चार, कारण घाटानंतर गावोगाव गतिरोधक आहेत. प्रत्येक मोठ्या गतिरोधकाला प्रकाश खाली उतरायचा, गाडी हलकी व्हायची, मी तिरकी घेऊन ती पार करायची आणि तो पुढे येऊन बसायचा. कळे गावाच्या अलीकडे एका आजोबांनी त्याला विचारलं, "पावणं, बायकोनं उतरवलं व्हय?" प्रकाश म्हणाला, "पाचव्यांदा." आजोबा गाडीकडे बघून म्हणाले, "मग तुमचंच कायतरी चुकलं असणार."

त्याआधी, घाट चढून आल्यावर, गगनबावड्याला चहा-भजीसाठी थांबलो होतो. प्रकाशनं नियमावली छापून आणली होती आणि घाटातल्या वळणांवर ती मोठ्यानं वाचायचा प्रयोग केला होता. त्यामुळे भजी मी एकटीनं खाल्ली.

कोल्हापुरात गॅरेजवर पोचलो तेव्हा इस्माईलभाई वाटच बघत होते. साठीचे, किरकोळ अंगाचे. गाडीशी बोलतात त्यापेक्षा माणसांशी कमी बोलतात. त्यांनी प्लग बघितले, हवा तपासली, बॉनेटला कान लावून इंजिन ऐकलं. मग विचारलं, "उद्या कुठल्या क्लासात?"

"बघू," मी म्हटलं.

"बघायचं काय त्यात?" ते म्हणाले आणि हात पुसायला गेले.

लॉज बाराशेचा, स्वच्छ, पार्किंग आत. संध्याकाळी गाड्यावर दावणगिरी लोणी डोसा खाताना प्रकाशनं हिशेबानं मांडलं. मॉडिफाइडमध्ये येणारी पोरं वर्षानुवर्षं हेच करतात, तिथे मी शेवटची. महिलांत गेल्या वेळी दोघीच होत्या, म्हणजे स्टार्टची रेघ ओलांडली तरी ट्रॉफी. नवशिक्यांत खरी चुरस आणि माझी खरी संधी.

"पण इंजिन उघडलंय," मी म्हटलं.

"ते दिसतं का?" प्रकाशनं विचारलं. तो शाळेत गणित शिकवतो. शंका विचारावी तसं त्यानं विचारलं होतं. मी आणखी एक डोसा मागवला.

रविवार

सकाळी साडेसातला पटांगणावर. प्रवेश फी दोन हजार, हेल्मेट आपलं, पूर्ण बाह्यांचा शर्ट सक्तीचा, पाणी भरपूर न्या. टेबलावरच्या जाड मिशांच्या गृहस्थांनी माझा फॉर्म घेतला आणि न विचारताच महिलांच्या रकान्यात पेन टेकवलं.

"थांबा," मी म्हटलं, "मला तो क्लास नको."

"का वो वहिनी? तीन ट्रॉफ्या हायत आणि दोनच बायका. तुमी आलासा की जमतंय आमचं."

"मला स्पर्धा करायची आहे."

"ट्रॉफी मिळाल्यावर कशाला पायजे स्पर्धा?" त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता. माझ्या अंगात मात्र तत्त्व संचारलं. बायकांना असं बाजूला बसवू नये, यावर मी दोन मिनिटं बोलले. मागची रांग ऐकत होती. बोलणं संपवून, मान ताठ करून मी नवशिक्यांच्या क्लासावर खूण केली.

तपासणीला एक उंच, सावकाश बोलणारे परीक्षक होते. आधी त्यांनी डिकी रिकामी करायला लावली. त्यातून जॅक, छत्री, एक चटई आणि प्रकाशनं भेट द्यायला आणलेल्या कोकम आगळाच्या सहा बाटल्या निघाल्या. मग बॉनेट. इस्माईलभाईंनी ते स्वतः उघडून हातानं धरून ठेवलं. परीक्षकांनी फिल्टर बघितला, स्प्रिंगा बघितल्या आणि कागदावरून नजर न उचलता विचारलं, "इंजिन उघडलंय का कधी?"

"नाही," मी म्हटलं.

एवढं पटकन मी दुकानात किंमतसुद्धा सांगत नाही.

परीक्षकांनी सही केली. इस्माईलभाईंनी बॉनेट हळूच खाली आणलं, तळव्यानं दाबून बंद केलं आणि कडेच्या बाभळीखाली जाऊन बसले.

सरावाची फेरी झाली. एकही कोन पडला नाही. गाडी वळणातून बाहेर पडताना अशी उचल घेत होती की मला हेल्मेटमध्ये हसू येत होतं. फळ्यावर वेळ लिहिली. नवशिक्यांत मी पहिली. दुसरा सागर, हुपरीचा, तिशीतला, घरी चांदीच्या पैंजणांचा कारखाना असलेला. त्याची गाडीही आमच्याच मॉडेलची होती, फक्त जशी कंपनीतून आली तशी. तो माझ्या गाडीभोवती दोन फेऱ्या मारून थेट बाभळीखाली गेला.

"मामा, काय केलंय हिला?"

"काय न्हाय," इस्माईलभाई म्हणाले.

"आसं कसं? माझी बी हीच गाडी हाय की."

"ताई म्हंत्यात न्हाय, तर न्हाय."

मी चार पावलांवर उभी होते. सागर मान हलवत निघून गेला. मी इस्माईलभाईंच्या शेजारी बसले आणि आधी समजावायला लागले. एवढ्या-तेवढ्यानं काय फरक पडतो, पहिलीच वेळ आहे, इथे काही बक्षिसाचे पैसे नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"हरला-जिकलासा, मला त्याचं काय न्हाय," ते म्हणाले. "पर तुमी न्हाय म्हणलासा, तवा मला वाटलं मी चोरीचं काम केलंय. अकरा दिवस."

ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते रागावलेले नव्हते. पायाजवळची माती बोटानं सारखी करत होते.

मी उठून तपासणीच्या तंबूत गेले. चाळीस-पन्नास पावलांचं अंतर असेल. तेवढ्यात मी तीन चांगली कारणं तयार केली आणि तिथे पोचल्यावर एकही वापरता आलं नाही. "इंजिन उघडलंय," मी म्हटलं. "हेडचं पोर्टिंग आहे. मघाशी खोटं बोलले."

परीक्षकांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "बाद करायला पायजे तुम्हाला," ते म्हणाले. मग माझा फॉर्म पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. "पर शर्यतीची फेरी अजून झाली न्हाय. सरावाची वेळ पुसतो. मॉडिफाइडला जावा." त्यांनी खूण खोडली, नवी केली, बाजूला माझी सही घेतली. सही करताना मला मघाचं माझं भाषण आठवलं आणि रांगेतलं कुणी आसपास नाही ना, ते मी बघून घेतलं.

प्रकाशला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे शेवटची."

"हो."

"बरं," तो म्हणाला आणि माझ्या बाटलीत पाणी भरून आणलं. लग्नाला वीस वर्षं झाली की माफी अशी पाण्याच्या बाटलीतून येते. त्याची की माझी, ते कुणी विचारलं नाही.

या सगळ्यात नवशिक्यांच्या फेऱ्या होऊन गेल्या. त्या मी बघितल्याच नाहीत.

मॉडिफाइडमध्ये आठ गाड्या. बाकी सातांत मागची सीट नव्हती. आमच्या मागच्या सीटवर उशी होती, ती प्रकाशनं काढून घेतली. पहिल्या फेरीत मी दोन कोन पाडले. दुसऱ्या फेरीत डावीकडच्या कोनांऐवजी उजवीकडच्यांतून गेले, ती फेरी धरलीच नाही. तिसरी स्वच्छ झाली, सरावापेक्षाही जलद, आणि तरीही पुढच्यापेक्षा चार सेकंद मागे. माझा सातवा नंबर आला. आठव्याचा क्लच जळला होता.

फेरी संपवून आले तर बॉनेट उघडं आणि भोवती घोळका. परीक्षकसुद्धा त्यात. एवढ्या जुन्या गाडीची ती तिसरी फेरी कशी निघाली, हे त्यांना बघायचं होतं. इस्माईलभाई बोलत होते. कुठली कानस, किती घासायचं, कुठं थांबायचं. तीन वर्षांत मी त्यांना सलग एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. एकानं विचारलं, "मशीनवर का करत न्हाईसा?" ते म्हणाले, "मशीनला कुठं थांबायचं ते कळत न्हाय." मी हेल्मेट हातात घेऊन घोळक्याच्या बाहेर उभी राहिले. आत जायला जागा नव्हती.

निघताना जाड मिशांच्या गृहस्थांनी मला गाठलं. महिलांची तिसरी ट्रॉफी टेबलावर तशीच होती. "न्या की वहिनी. उरलीया." मी नको म्हटलं. तत्त्वावर भाषण केलं नाही. कोकमाच्या दोन बाटल्या मात्र त्यांनी ठेवून घेतल्या.

परत आल्यावर

घाट उजेडात उतरलो. सोमवारी दुकान उघडलं. कुणी विचारलं तर मी सातवा नंबर सांगते. किती जणांत, ते कुणी विचारत नाही.

तुम्ही जाणार असाल तर माझा सल्ला एवढाच: क्लास घरी ठरवून जा. तिथे टेबलासमोर उभं राहिल्यावर आपण नेमके कोण निघू याची खात्री देता येत नाही. मला वाटलं होतं की माझं खोटं जेमतेम तासभर टिकलं, फॉर्मवर खोडलं, संपलं. बुधवारपर्यंत माझी ही समजूत होती.

बुधवारी दुपारी सागरचा फोन आला, हुपरीचा. नंबर इस्माईलभाईंकडून घेतला होता. त्याला विचारायचं होतं की इंजिन उघडावं का. मी विचारलं, रविवारी किती नंबर आला.

"पाचवा," तो म्हणाला. "तुमची सरावाची वेळ डोक्यात धरून गेलो. तुमची गाडी साधी, माझी बी साधी, मग मलाच चालवायला येत न्हाय वाटलं. लई जोरात घातली आणि तीन कोन पाडले. तुमी क्लास बदलल्यालं मला दुपारी कळलं."

मी सॉरी म्हटलं. तो "असू दे" म्हणाला, तेही मनापासून.

मी म्हटलं, "इंजिन उघडू नका. तुमची गाडी चांगली आहे आणि तुम्ही चांगली चालवता. सरावात आमच्या क्लासात खरे पहिले तुम्हीच होता."

पलीकडे पैंजण घडवत असल्याची बारीक ठोकठोक ऐकू येत होती. ती थांबली.

"हे त्याच दिवशी सांगितलं असतासा," सागर म्हणाला, "तर बरं झालं असतं की."