शेवटच्या ओळीतलं नाव

मुंबईच्या कॅसेट कंपनीला ते पत्र मी लिहिलं होतं. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही; बायकोलाही नाही. पाच आठवड्यांपूर्वी मिलिंद गेल्याचा फोन आला, तेव्हा आधी रडू आलं नाही... आता विचारणारा उरला नाही, असं वाटून क्षणभर सुटल्यासारखं झालं. ती लाज अजून पिच्छा सोडत नाही.

नव्वदच्या दशकात कोल्हारच्या आमच्या वस्तीत आम्ही तिघं होतो. मिलिंद गाणी म्हणायचा, रघू हलगी वाजवायचा आणि मी लिहायचो. मिलिंदने कुठूनशी परदेशी रॅपची कॅसेट पैदा केली. शब्द एक कळला नाही, पण "आरं, ह्यो तर आपला जलसाच हाय, निस्ता दम न घेता!" म्हणत तो उड्या मारायला लागला. मग टेपरेकॉर्डरवरच आमच्या कॅसेटी निघाल्या, कारखान्याच्या चेअरमनपासून सरपंचापर्यंत सगळ्यांची सालटी काढणाऱ्या. दुकानात ठेवायची कुणाची छाती नव्हती. नगर-मनमाड रस्त्यावरचे टेम्पोवाले त्या एकमेकांना भरून देत. आंबेडकरी जलशाच्या रिवाजाने प्रत्येक गाण्याच्या शेवटी लिहिणाऱ्याचं नाव यायचं, "म्हणे सुधाकर". त्या दोन शब्दांवर मी वस्तीत फुगून चालायचो.

अशात मुंबईच्या एका बड्या कंपनीने बोलावलं. मी नुकताच शिक्षक झालेलो, रजा मिळेना. ते दोघेच गेले, आणि माझ्या डोक्यात संशयाने घर केलं. एवढी मोठी कंपनी आपल्यासारख्यांना कशाला विचारते? गाण्यांचं काय झालं म्हटलं की मिलिंद फोनवर नुसता हसतो का? पंधरा दिवसांनी तो आला तो पायात नवे बूट घालून. रघू मुंबईतच चुलत्याकडे मागे राहिला होता. "आयक. पन बाजारात येस्तवर काय इचारू नगंस," म्हणत मिलिंदने नमुन्याची कॅसेट माझ्या हातात ठेवली.

आठही गाणी माझी होती. आणि आठांच्याही शेवटी... "म्हणे मालक."

याने माझं नाव कंपनीच्या मालकाला विकलं, असं मी धरून चाललो. मिलिंदचं घर चार घरं सोडून होतं. मी गेलो नाही. रजिस्टर पोस्टाने कंपनीला कळवलं : ही गाणी मालकाची नाहीत, मी लिहिली आहेत, तीही तुमच्यासारख्या मालकांवरच. माझं नाव परत घाला.

कॅसेट बाजारात आलीच नाही. "तुमच्याच माणसाने सगळा अर्थ कळवला," एवढं सांगून कंपनीने मिलिंदचा फोन ठेवला. तो तसाच माझ्याकडे आला. "मालक म्हंजी गावचा पाटील, त्याची गंमत समजून गानी घेतली हुती रं त्यांनी. मालक सोताच्या तोंडानं सोताची पापं गातोय, आन मालकाचीच कंपनी ती इकतीय... लई हसला असतास तू! बाजारात आल्यावर सांगनार हुतो."

ते दोन शब्द माझं नाव पुसायला नव्हतेच. माझ्याच गाण्यांना त्याने धार लावली होती.

"मागं रघ्याच राह्यला हुता," मिलिंद म्हणाला.

मी म्हणालो, "मला पन त्याचाच संशय येतोय."

रघूने आईची शपथ घेतली. मिलिंदने ऐकून घेतलं नाही. रघू सासुरवाडीला, खर्ड्याला निघून गेला, आणि पुन्हा त्याने वाजवायला म्हणून हलगी शेकली नाही. कंपनी माझं नाव फोडेल म्हणून मी कितीतरी महिने पोस्टमनला बिचकत होतो. ते फुटलं नाही. पुढे मिलिंद माझ्या मुलांचा लाडका काका झाला. रघूचं नाव निघालं की मात्र उठून जायचा.

मिलिंदच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला रघू आला होता. मांडवाच्या कडेला बसला, केस पार पांढरे. वंदना झाल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "सुद्या, शेवटाला माज्याबद्दल काय म्हनला का रं त्यो?"

मी त्याला विचारलं, चहा घेतोस का.

रघू पेपर वाचत नाही, त्यामुळे हे छापून आलं म्हणजे सांगून झालं, असं मी धरत नाही. मिलिंदला सांगायची वेळ गेली. खर्ड्याला जाऊन, रघूच्या समोर बसून, पत्र मी लिहिलं आणि आळही मीच पक्का केला, हे सांगणं माझ्याकडून बाकी आहे.